मोनॅकोची बस

तुम्हांला म्हणून सांगतो, या पृथ्वीवर मी कुठेही हरवू शकत नाही! चौतीस वर्षं जबलपूरच्या शाळेत भूगोल शिकवला आहे मी. फळ्यावर सहारा वाळवंट असं काढायचो की मागच्या बाकावरची पोरं पाणी प्यायला सुटी मागायची! देश सांगा, राजधानी घ्या. राजधानी सांगा, नदी घ्या. आमच्या मदन महालच्या कॉलनीत कुणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली की पेढा आधी देवाला आणि मग मला. कारण ते गाव नेमकं आहे कुठे, हे सांगायला कॉलनीत दुसरं कोण होतं?

तर असा मी, दिनकर मास्तर, गेल्या जूनमध्ये बायकोला घेऊन इटलीतल्या एका बसस्टॉपवर उभा होतो. समोर आमची बस आली, थांबली आणि निघून गेली. मी चढलो नाही. काहून चढलो नाही? भूगोल येत होता म्हणून!

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

आमची मुलगी यशश्री ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असते. ती तिथल्या युनिव्हर्सिटीत आणि जावई अमेय कंपनीत. मी आणि सरोजिनी दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो होतो. घराच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसायचे. सरू त्यांना रोज सकाळी नमस्कार करायची आणि विचारायची, "हे कोणते डोंगर हो?" मी रोज सांगायचो, "आल्प्स." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "हे कोणते डोंगर हो?"

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी यशश्रीनं मला बाल्कनीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबा, आईचं काहीतरी बिघडलं आहे. आज तिनं मला चार वेळा विचारलं, अमेय कुठे गेला म्हणून. आणि मला शकुमावशी म्हणून हाक मारली."

"वय झालं की होते असं. मी नाही का चष्मा शोधत फिरत?"

"चष्म्याची बात अलग आहे, बाबा. जबलपूरला गेल्याबरोबर डॉक्टरला दाखवा."

"तिला काही झालेलं नाही!" मी इतक्या जोरात बोललो की शेजारच्या बाल्कनीतल्या बाईनं आपलं मांजर आत घेतलं.

खरं सांगू? मला माहीत होतं. वर्षभरापासून माहीत होतं. जबलपूरला एकदा कपाटात, साड्यांच्या घडीत मला दुधाची पिशवी सापडली होती, फुटलेली. मी साड्या धुतल्या, वाळत घातल्या, इस्त्री करून परत ठेवल्या आणि कुणाला बोललो नाही. सरूलासुद्धा नाही. फक्त एक सवय लावून घेतली. ती चुकली की तिथल्या तिथे सुधारायचं. "आज मंगळवार आहे, बुधवार नाही." "ते शेजारचे आल्हाद नाहीत, त्यांचे भाऊ आहेत." "आपण जेवलो, सरू. वरण होतं." जशी लाल पेन घेऊन वही तपासावी! मला वाटायचं, रोज चुका दाखवल्या की पोरं सुधारतात, तशी सरूही सुधारेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला यशश्री आणि अमेय कामावर गेले आणि आम्ही दोघं फिरायला निघालो. रेल्वे स्टेशनजवळ लांब पल्ल्याच्या बसगाड्या थांबतात. तिथे एक मोठी बस उभी होती. काचेवर पाटी होती, 'व्हेरोना'!

माझ्या डोक्यात वीज चमकली. व्हेरोना! उत्तर इटली, आदिजे नदीचा काठ, दोन हजार वर्षांपूर्वीचं, दगडी पायऱ्यांचं उघडं रोमन रंगमंडल! चार तासांचा रस्ता. साडेअकराला पोचायचं, साडेतीनच्या बसनं परत. संध्याकाळी यशश्रीसमोर छाती पुढे काढून सांगायचं, "हे बघ, तुझी आजारी आई एका दिवसात इटली करून आली!"

"सरू, इटलीला जायचं का?"

"स्वयंपाक राहिला आहे ना," ती म्हणाली.

"आल्यावर करू!"

"चला मग."

पासपोर्टची काळजी नव्हती. ते माझ्या पोटाला पट्ट्यानं बांधलेलेच असतात. परदेशात मी ते आंघोळीलासुद्धा सोडत नाही! यशश्रीला फोनवर लिहिलं, 'फिरायला जातो. संध्याकाळी येतो.' यात खोटं काहीच नव्हतं!

ड्रायव्हर दारातच उभा होता. धिप्पाड माणूस, आणि मिशा अशा की झाडूचे दोन तुकडे करून नाकाखाली चिकटवलेले! त्याला बघून सरू जागच्या जागी थांबली.

"अहो, हा अगदी आपल्या विष्णुदादासारखा दिसून राहिला!"

विष्णुपंत म्हणजे तिचे थोरले भाऊ. जबलपूरलाच, अधारतालला राहायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. पण तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, मिशा तशाच होत्या! सरूनं हात जोडले, "नमस्ते भैया." ड्रायव्हरनंही स्टेपनीएवढे हात जोडून म्हटलं, "नमस्ते!" आणि आम्हांला पुढची सीट दिली.

काय सांगू, तो प्रवास! मी सरूला ब्रेनर खिंड दाखवली, हिमनदीनं खोदलेली दरी दाखवली, दगडाचे थर समजावले. ती खिडकीला नाक लावून म्हणत होती, "केवढे द्राक्षांचे मांडव!" चार तासांत तिनं एकदाही काही चुकीचं विचारलं नाही. मी मनातल्या मनात यशश्रीशी वाद घालत होतो आणि दर वेळी जिंकत होतो.

व्हेरोनाला उतरल्याबरोबर मी ताबा घेतला. चला, रंगमंडल! आपला मदन महालचा किल्ला जुना म्हणतो ना आपण? हे त्याच्याहूनही हजार वर्षं आधीचं! मी फोनवर फोटो काढत सुटलो. कमानी, जिने, दगड, दगडांतल्या फटी. आणि तोंडानं माझं चालूच, "सरू, इथे तीस हजार माणूस बसायचा. सम्राट तिकडे बसायचा. सरू, दगड कुठून आणला असेल, सांग!"

उत्तर आलं नाही. वळून बघतो तर सरू नाही!

मी पोटावरचे पासपोर्ट दोन्ही हातांनी धरले! मी वर धावलो, खाली धावलो. पहारेकऱ्याला गाठून सांगितलं, "माय वाइफ! ग्रीन साडी!" त्यानं मला स्वच्छतागृह दाखवलं. मी बाहेर चौकात पळालो, तर तिथे झाडाखालच्या बाकावर बाईसाहेब बसलेल्या! शेजारी एक इटालियन आजीबाई. मधे आमच्या चिवड्याचा डबा उघडलेला. आजीबाई इटालियनमध्ये काहीतरी सांगत होती आणि सरू मान हलवून हिंदीत उत्तर देत होती, "हाँ दीदी, हमारे ये भी ऐसेही हैं. चालूच असते यांचं."

"सरू! न सांगता कुठे निघून आलीस?" मी ओरडलो.

"सांगितलं ना तुम्हांला. गुडघे दुखून राहिले, बाहेर सावलीत बसते म्हणून."

"कधी सांगितलं?"

"तुम्ही सम्राटाला बसवून राहिले होते तेव्हा."

मी विश्वास ठेवला नाही. "नाही सांगितलंस तू. तू विसरतेस हल्ली." त्या आजीबाईसमोर बोललो मी हे. भाषा तिला कळली नसेल, पण आवाज कळला असावा, कारण तिनं सरूच्या हातावर आपला हात ठेवला. सरूनं डब्याचं झाकण लावलं. नीट लागलं की नाही, ते दोनदा बघितलं.

त्यानंतर मी तिचा हात धरून ठेवला. प्रेमानं नाही हो, बॅग धरतात तसा! नदी दाखवली, पूल दाखवला, गुलाबी दगडाचे रस्ते दाखवले. पाणी मागितलं तर गॅसचं आलं. सरू म्हणाली, "हा सोडा आहे." मी म्हटलं, "इथलं पाणीच असं असते!" ती गप्प बसून तो सोडा प्यायली.

सव्वातीनला बसस्टॉपवर आलो. फोनची बॅटरी दगडांचे फोटो काढण्यातच संपली होती, पण मला फोनचं काय काम? साडेतीनला बरोबर एक बस येऊन उभी राहिली. काचेवर मोठ्या अक्षरांत पाटी, 'मोनॅको'.

पिवळं जाकीट घातलेला एक माणूस खाली उतरून ओरडत होता, "मोनॅको! मोनॅको!" आमच्याकडे बघून त्यानं हातानं बोलावलंसुद्धा.

मी हसलो. मोनॅको! जगातला दुसऱ्या क्रमांकाचा लहान देश, भूमध्य समुद्राच्या काठी, फ्रान्सच्या कुशीत! आम्हांला जायचं उत्तरेला आणि ही जाणार पश्चिमेला! मी त्या माणसाला इंग्रजीतून शांतपणे समजावलं, की बाबा रे, आम्ही त्या दिशेचे नाही. तो खांदे उडवून दुसरीकडे गेला.

तेवढ्यात सरूनं माझी बाही ओढली. तिचा चेहरा उजळला होता.

"अहो, विष्णुदादा आला."

"कोण?"

"विष्णुदादा. तो काय! चला ना, आपल्याला बोलावून राहिला."

मी बसकडे बघितलंसुद्धा नाही. मी सरूकडे बघितलं. डोळ्यांसमोर यशश्रीची बाल्कनी आली, दुधाची पिशवी आली. दिवसभर जिंकलेला वाद एका क्षणात हरलो होतो आणि त्याचा राग मला आला. तिचाच!

"सरू, विष्णुपंत गेले. नऊ वर्षं झाली. ग्वारीघाटावर त्यांच्या अस्थी सोडताना तू रडून रडून खाली बसली होतीस, आठवते का? गेले ते. मेलेला माणूस इटलीत येत नसतो!"

तिच्या चेहऱ्यावरचं ते उजळलेपण कसं गेलं, ते मला अजून दिसतं. जणू बातमी आत्ताच कळली. ओठ हलले. मग अगदी हळू म्हणाली, "हो का? गेला, नाही का... बरं." आणि बाकावर जाऊन बसली.

बसचं दार बंद झालं. बस निघाली. सरूनं हात वर करून कुणाला तरी टाटा केला.

"कोणाला टाटा करून राहिली?"

"कुणाला नाही," असं म्हणून तिनं हात मांडीवर ठेवून दिला.

चार वाजले. सव्वाचार वाजले. इन्सब्रुकची बस काही येईना! या लोकांना वेळेची शिस्त नाही, असं मी मोठ्यानं म्हणत होतो. शेवटी साडेचारला तरातरा तिकीट खिडकीवर गेलो. आतल्या बाईला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं.

"आमची साडेतीनची बस कुठे आहे?"

"गेली. साडेतीनला."

"शक्य नाही! साडेतीनला फक्त मोनॅकोची बस आली होती!"

बाईंनी माझ्याकडे, शाळेत मी काही मुलांकडे बघायचो तसं बघितलं. "मोनॅको. इन्सब्रुकवरून मोनॅको. जर्मनीतलं."

"मोनॅको जर्मनीत नाही!" माझ्या अंगात चौतीस वर्षांचा मास्तर उभा राहिला.

तिनं कागदावर दोन शब्द लिहून माझ्यापुढे सरकवले. एक 'मोनॅको'. त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह. आणि दुसरा, 'म्युनिक'.

इटालियन लोक म्युनिकला मोनॅको म्हणतात! मला माहीत नव्हतं. देश, राजधान्या, नद्या सगळं माहीत होतं, पण एखाद्या गावाला शेजारचे लोक दुसऱ्याच नावानं हाक मारत असतील, हे माझ्या कोणत्याच नकाशात नव्हतं. बस म्युनिकचीच होती, वाटेत इन्सब्रुकला थांबणारी. आणि बसमध्ये पुढच्या काचेमागे, झाडूसारख्या मिशांचा तो ड्रायव्हर बसलेला असणार. त्यानं सकाळच्या साडीवाल्या बाईला ओळखून हात केला असणार. सरूनं त्याला ओळखलं होतं. त्या अख्ख्या स्टॉपवर बरोबर बोलणारं माणूस एकच होतं, आणि मी त्याला खाली बसवलं!

बाईंनी माझा फोन चार्जिंगला लावून दिला. लागलीच यशश्रीचा फोन. बावीस मिस्ड कॉल होते.

"बाबा! कुठे आहात तुम्ही? दुपारी घरी आले मी, तर कोणीच नाही!"

"व्हेरोनाला."

"तो स्टेशनजवळचा कॅफे का?"

"नाही. इटलीतलं."

मला वाटलं, बॅटरी पुन्हा गेली. मग ती म्हणाली, "आई कशी आहे?" आणि रडायला लागली.

पाचची रेल्वे मिळाली. जूनचं ऊन होतं, डोंगर पिवळे दिसत होते. मी काहीही समजावून सांगत नव्हतो. बऱ्याच वेळानं सरू आपणहून म्हणाली, "मला वाटलं होतं, तीच बस आहे म्हणून."

"मग बोलली काहून नाहीस?"

"बोलले ना. तुम्ही म्हणाले, दादा गेला. मग मला वाटलं, असेल. हल्ली मला दिसते ते खरं आहे की नाही, हे तुम्हांलाच जास्त माहीत असते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "तुम्ही रागावता ना, तेव्हा मला काहीच सापडत नाही."

आता बोलायलाच पाहिजे होतं. पण एक्केचाळीस वर्षांत मी बायकोला चुकलो असं म्हटलेलं नाही. भाषण जुळवायला मला तीन स्टेशनं लागली! शेवटी घसा खाकरला.

"सरू, मी चुकलो. तुझं बरोबर होतं. तीच बस होती."

तिनं खिडकीकडचं तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं. गोड हसली.

"कोणती बस हो?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर काय होतं, ते विचारू नका.

इन्सब्रुकला साडेआठलासुद्धा उजेड होता. प्लॅटफॉर्मवर यशश्री आणि अमेय उभे. मला वाटलं, पोरगी आता माझी सालटी काढते. तिनं आईला मिठी मारली आणि सोडलीच नाही. मी पासपोर्टच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणालो, "यशू, डॉक्टरला दाखवू आपण." तिनं आईच्या खांद्यावरून नुसती मान हलवली.

ऑगस्टमध्ये जबलपूरला दाखवलं. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, म्हणाले. औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही. मग मला एकट्याला बसवून म्हणाले, "अंकलजी, हर बात पर टोकिए मत. वो जहाँ हैं, आप वहाँ चले जाइए." परत येताना रिक्षात सरूनं विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"कमी बोलायला सांगितलं."

"कुणाला?"

"मला."

"शहाणा आहे," सरू म्हणाली.

डिसेंबरात आमच्या मराठी मंडळाच्या शैलजाताई आल्या. "मास्तर, तुमचा युरोप सांगा ना सगळ्यांना. फोटोंसकट!" मी आनंदानं तयारीला लागलो. व्हेरोनाचे एकशे चौदा फोटो निघाले. कमानी, जिने, दगड, फटी. सरूचा एकही नाही! पुन्हा पुन्हा बघितले. एका फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या साडीचा काठ होता, बस.

कार्यक्रमाला साठ-सत्तर माणसं होती. सरू पहिल्या रांगेत. मी पडद्यावर रंगमंडल आणलं, आवाज चढवला, "आणि मग मी आणि सरोजिनी या भव्य पायऱ्यांवर..."

सरू उठून उभी राहिली.

"अहो, खोटं काय सांगून राहिले लोकांना? आपण कुठे गेलो होतो तिथे?"

शैलजाताई गडबडीनं तिच्याजवळ गेल्या, "वहिनी, अहो, जूनमध्ये तुम्ही..."

सरू माझ्याकडे बघत होती. हट्टानं नाही, घाबरून. मी काय म्हणतो, त्यावर तिचं बरोबर की चूक ठरणार होतं. माझ्या हातात एकशे चौदा पुरावे होते.

"थांबा, शैलजाताई," मी म्हणालो. "ती बरोबर बोलून राहिली. आम्ही मुलीकडे गेलो होतो, इटलीला नाही. हे फोटो इंटरनेटवरचे आहेत. थापा मारून राहिलो होतो मी!"

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. दोनचार जुन्या माणसांनी खाली बघितलं. सरू समाधानानं बसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "मनाचे चांगले आहेत. पण थापा फार."

तेव्हापासून कॉलनीत माझं नाव झालं आहे, इटलीला न गेलेले मास्तर! परवा सकाळी आम्ही दोघं नथ्थूच्या टपरीवर चहा पीत होतो. नथ्थूनं ग्लास पुढे करत विचारलं, "मास्साब, इस बार कहाँ नहीं जा रहे?"

"स्विट्ज़रलैंड."

"बढ़िया! भाभीजी भी नहीं जा रहीं?"

"दोनों नहीं जा रहे, भैया."

टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. सरूनं चहावर फुंकर मारली आणि काळजीनं म्हणाली, "अहो, स्वेटर काढून ठेवा. तिकडे थंडी असते."

मे महिना. जबलपूरचं ऊन. बेचाळीस डिग्री! मी घरी गेलो आणि दोघांचे स्वेटर काढून ठेवले.